पैसे झोपलेत

नियम सोपा आहे, कॅफेतला ओचेंग म्हणतो.
पैसे खात्यात अठ्ठावीस दिवस
न हलता पडून राहायला हवेत.
एक दिवस कमी चालत नाही,
एक शिलिंग कमी चालत नाही.

विद्यापीठाने फी माफ केली आहे.
राहण्याखाण्याचं आमचं आम्ही दाखवायचं.
म्हणून माझ्या नावावर आता झोपले आहेत
मामाचे दोन बैल,
काकाची गहाण जमीन,
आईच्या बचत गटातल्या अकरा बायका,
आणि ओकोटची मोटरसायकल.
तो हल्ली दुसऱ्याची चालवतो,
रोज संध्याकाळी दारासमोरून जाताना
वेग कमी करून विचारतो, "कितवा?"

नोटांना सुक्या माशांचा वास होता.
आकड्यांना येत नाही.

त्याआधी फॉर्मला माझं आडनाव हवं होतं.
आमच्यात ज्याचं नाव त्याचं.
मी लामवाका, नव्या वर्षाच्या दिवशी आले म्हणून.
ओकोट आला तेव्हा पाऊस पडत होता.
धाकटा ओडोंग, म्हणजे मागे उरलेला,
आणि कशाच्या मागे, ते घरात कुणी बोलत नाही.
चौकट लाल झाली: रिकामं ठेवता येणार नाही.
मी वडिलांचं नाव टाकलं.
असते तर म्हणाले असते,
"थंडीत मला कशाला नेतेस?"

मग इंग्रजी येतं, याचा पुरावा.
तिसरीत मी वर्गात आचोलीत पेन्सिल मागितली
तर गळ्यात लाकडी फळी अडकवली होती,
शाळा सुटेपर्यंत.
ती फळी स्कॅन करून जोडता आली असती
तर परीक्षेचे पैसे वाचले असते.
परीक्षेत एका बाईने विचारलं, तुझ्या छंदांबद्दल सांग.
मी म्हटलं, वाचन.
मासे उलटवणं हा छंद धरतात का, ते माहीत नव्हतं.

हाच विषय का निवडला, यावर चार हजार अक्षरं.
पहिल्यांदा लिहिलं:
पाण्याविषयी मला लहानपणापासून ओढ आहे.
ओचेंग मागून वाचत होता, म्हणाला,
"कालच्या मुलालाही होती. त्याला कायद्याची."
खोडलं.
लिहिलं: आमच्या हातपंपाच्या पाण्याने चहा काळा होतो.
आई म्हणते, पंप म्हातारा झालाय.
मला वाटतं, पाइप गंजलाय, किंवा खालचा खडकच तसा आहे.
मला खात्री करून घ्यायची आहे.
एवढंच. अक्षरं पुष्कळ उरली.
वीज गेली म्हणून तसंच ठेवलं.

तेविसाव्या दिवशी बँकेचा मेसेज आला.
खातं सांभाळण्याचे इतके,
आणि हा मेसेज पाठवण्याचे इतके.
मामाने वर दहा हजार हातचे ठेवले होते.
मेसेजांनीच ते हळूहळू खाल्ले होते.
चार हजार शिलिंग कमी पडले.
गुलूच्या बाजारात टोमॅटोचे दोन ढीग.

मी ओचेंगला तीनदा विचारलं.
त्याने तीनदा वाचून दाखवलं.
तेवीस वजा होत नाहीत, म्हणाला,
ते नसतातच.
त्या तासाचे पैसे त्याने घेतले नाहीत,
तेव्हा मला खरं वाटलं.

आई चटईवर मासे पसरत होती.
मी सांगितलं. तिने आधी चटई संपवली.
मग कमरेच्या गाठीतून नोटा काढल्या,
चारच्या जागी वीस हजार,
आणि म्हणाली, "अकराजणींना मी सांगते.
मामाला तू सांग.
माझ्याने बैलांचं नाव काढवणार नाही."

संध्याकाळी ओकोट आला, मागे गिऱ्हाईक,
गिऱ्हाइकाच्या मांडीवर कोंबडी.
"कितवा?"
"पहिला."

त्याने पाय टेकवला.
इंजिन चालूच होतं.
गिऱ्हाइकाने घड्याळ पाहिलं, कोंबडीने मला.
"बरं," ओकोट म्हणाला,
"उद्या दुसरा," आणि गिअर टाकला.